पावसाळ्यात घर कोरडं ठेवायचंय? डीह्युमिडिफायर घेण्याआधी हे गणित करा

जून ते सप्टेंबर मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते, कपडे तीन दिवस वाळत नाहीत, कॅमेऱ्याच्या लेन्सला फंगस धरतं आणि घरात कुणाला दमा असेल तर त्रास वाढतो. मग आपण ऑनलाइन डीह्युमिडिफायर शोधतो आणि ‘पूर्ण घरासाठी एकच मशीन’ अशी जाहिरात दिसते. मशीन स्वस्त नाही, म्हणून आधी ते कुठे चालतं आणि कुठे नाही ते समजून घेऊ.

हवेत पाणी असतं किती?

10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंचीची बेडरूम घ्या. तिच्यात साधारण 34 घनमीटर हवा मावते. 27 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत अंदाजे 23 ग्रॅम पाणी असतं. 55 टक्क्यांवर ते 14 ग्रॅम होतं. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे 9 ग्रॅम पाणी काढायचं, आणि पूर्ण खोलीचं मिळून फक्त 300 मिली.

मग मशीनची टाकी रोज लिटरभर पाण्याने का भरते? कारण खोली बंद नसते. दाराखालची फट आणि स्लायडिंग खिडकीच्या कडा यांतून बाहेरची दमट हवा येतच राहते. खिडक्या लावूनही तासाला खोलीतली निम्मी हवा बदलते असं धरू. 650 चौरस फुटांच्या फ्लॅटसाठी हा हिशोब दिवसाला सुमारे 20 लिटरवर जातो. आंघोळ, स्वयंपाक, आपला श्वास आणि आत वाळत घातलेले कपडे यांचं पाणी वेगळंच. खिडकी उघडी ठेवलीत तर आकडा कितीतरी पटींनी वाढतो. तेव्हा तुम्ही घर नाही, अख्खा अरबी समुद्र वाळवायला बसलेले असता!

थोडक्यात, डीह्युमिडिफायर निवडताना चौरस फुटांपेक्षा घर किती बंद होतं हे महत्त्वाचं.

तुमच्या घरासाठी कोणता पर्याय?

अमेरिकेत पूर्ण घराचं मशीन सेंट्रल एसीच्या डक्टला जोडतात. आपल्या फ्लॅटमध्ये असे डक्ट नसतात. त्यामुळे तीन पर्याय उरतात.

1. नवीन फ्लॅट किंवा इंटिरियरचं काम चालू आहे: बाथरूमवरच्या माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये डक्टवालं मशीन बसवता येतं. ते हॉलमधून हवा ओढतं आणि बेडरूममध्ये कोरडी हवा सोडतं. फिल्टर साफ करायला झाकण आणि पाणी जायला उताराचा पाइप काम चालू असतानाच करून घ्या.
2. राहता फ्लॅट: मोठं पोर्टेबल मशीन हॉलमध्ये, आतली दारं उघडी आणि पंखा हळू. किंवा फक्त बेडरूमसाठी छोटं मशीन.
3. कौलारू घर: इथे पूर्ण घराचा नाद सोडा. कौलांमधून हवा खेळावी म्हणूनच ते घर तसं बांधलेलं असतं. आमच्या गावच्या घरी मी स्लॅबची एकच खोली निवडली, दाराला रबरी पट्टी लावली आणि कागदपत्रं, गाद्या, औषधं तिथे हलवली. एक कोरडी खोली मिळाली तरी पावसाळा सुसह्य होतो.

लिटरचा आकडा नीट वाचा

बॉक्सवरचा ‘दिवसाला 20 लिटर’ हा आकडा बहुतेक वेळा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. हवा कोरडी होत जाते तसं मशीन कमी पाणी काढतं. 55-60 टक्क्यांवर साधारण निम्मंच धरा. म्हणून एका बंद बेडरूमसाठी 12 ते 20 लिटरचं मशीन पुरतं, पण वरच्या फ्लॅटला 50 लिटरच्या आसपासचं लागेल.

400 वॉटचं मशीन 10 तास चाललं की 4 युनिट वीज जाते. शिवाय खोली थोडी गरम होते, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि कॉम्प्रेसरची उष्णताही आतच राहते. उकाडाही नको असेल तर आधी एसीचा ड्राय मोड वापरून बघा.

फोनवरच्या ॲपवर विसंबू नका

बहुतेक फोनमध्ये आर्द्रता मोजणारा सेन्सर नसतो. ‘रूम ह्युमिडिटी’ दाखवणारी ॲप्स अनेकदा हवामान केंद्राचा आकडा दाखवतात, तुमच्या खोलीचा नाही. एक साधा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. तपासायचा असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोडं पाणी घालून ओलसर करा, हायग्रोमीटरसोबत हवाबंद डब्यात आठेक तास ठेवा. आकडा 75 च्या आसपास यायला हवा.

स्मार्ट प्लग लावणार असाल तर आधी एक गोष्ट बघा: लाइट जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं का? टच बटणांची काही मॉडेल्स बंदच राहतात. ऑटोमेशन लावताना 60 टक्क्यांवर चालू आणि 50 वर बंद असं अंतर ठेवा, नाहीतर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होईल.

बसवताना

- मशीन भिंतीपासून वीतभर तरी लांब ठेवा.
- टाकी रोज ओतण्यापेक्षा पाइप सरळ उताराने बाथरूमच्या जाळीपर्यंत न्या. मध्ये पाइप वर उचलला गेला की पाणी तुंबतं.
- हे पाणी फरशी पुसायला चालेल. प्यायला नको आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नको.
- फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवा.
- गॅस गीझर असलेलं बाथरूम या बंद भागात धरू नका. तिथली हवा खेळती राहायलाच हवी, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू ठेवा.
- दिवसातून एकदा दहा मिनिटं खिडक्या उघडा. थोडं पाणी परत आत येईल, पण ताजी हवाही लागतेच.

भिंतीला बाहेरून ओल येत असेल, पोपडे निघत असतील, तर मशीन घेऊ नका. ते पैसे आधी वॉटरप्रूफिंगला द्या. गळती चालू असताना मशीन फक्त वीज खातं.

यंदा खरेदीआधी एक आठवडा हायग्रोमीटर ठेवा. खिडक्या बंद करून रात्री आणि सकाळी आकडा लिहा. कुठली खोली कायम 70 च्या वर राहते ते कळलं की सुरुवात तिथूनच करा.