वराहपालनांतील औषधें आणि निर्ढावलेले जंतु

मुंबई-पुणे रस्त्यावरील पिंपरी गांवाची कीर्ति आज मोटारींच्या कारखान्यांमुळें सर्वत्र पसरली आहे. परंतु ते मोठे कारखाने येण्यापूर्वींच, १९५४ सालीं, येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें उभारलेल्या या कारखान्यांतून पुढील वर्षीं पेनिसिलिन बाहेर पडूं लागलें. तोंपर्यंत देशास या औषधासाठीं परदेशाच्या तोंडाकडे पाहावें लागे. ज्या औषधांसाठीं एवढी खटपट केली, त्यांची शक्ति आज क्षीण कां होत आहे, आणि त्या क्षीणतेशीं डुकरांच्या वाड्याचा संबंध काय, याचें थोडक्यांत विवेचन येथें करावयाचें आहे.

पेनिसिलिन ही एका बुरशीची देणगी होय. १९२८ सालीं लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांस असें आढळलें कीं, काचेच्या बशींत वाढविलेल्या जंतूंत एक बुरशी शिरली असून तिच्या सभोंवतींचे जंतु नाहींसे झाले आहेत. एका सूक्ष्म जीवानें निर्माण केलेलें व दुसऱ्यास मारक असें जें द्रव्य, त्यास प्रतिजैविक म्हणतात. पेनिसिलिन जंतूस आपल्या शरीराची भिंत नीट बांधूं देत नाहीं. ती फुटून तो मरतो. मनुष्याच्या पेशींस अशी भिंतच नसल्यामुळें रोग्यास सहसा इजा होत नाहीं.

औषध वारंवार घेतल्यानें आपलें शरीर त्यास सरावतें, अशी एक समजूत आहे. ती चुकीची होय. निर्ढावतात ते जंतु, शरीर नव्हे. कांहीं जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. अशा कोट्यवधि जंतूंत एखाद्यास औषधाला दाद न देण्याचा गुण लाभलेला असतो. औषधानें बाकीचे मेले म्हणजे त्या एकास रान मोकळें होतें, व थोड्याच काळांत त्याचीच संतति चोहोंकडे पसरते. पेनिसिलिनचा नाश करणारें द्रव्य कांहीं जंतूंजवळ असतें, हें एब्राहम व चेन या शास्त्रज्ञांनीं १९४० सालींच, म्हणजे औषध प्रचारांत येण्यापूर्वीं, दाखविलें होतें. १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीं केलेल्या भाषणांत फ्लेमिंग यांनींही, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट निर्ढावतात, असा इशारा दिला होता.

आतां वराहपालनाकडे वळूं. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत असें दिसून आलें कीं, खाद्यांत थोडें प्रतिजैविक मिसळल्यास डुकरें व कोंबड्या लवकर वाढतात. शिवाय, पिलें तीन-चार आठवड्यांचीं असतां आईपासून तोडलीं कीं त्यांस पुष्कळदां हगवण लागते, व दाटीच्या वाड्यांत ती झपाट्यानें पसरते. म्हणून आजारी व निरोगी असा भेद न करतां सर्वांच्याच खाद्यांत औषध घालण्याची वहिवाट पडली. आजारी जनावरास पशुवैद्याच्या सल्ल्यानें पूर्ण मात्रा देणें निराळें, आणि ही वहिवाट निराळी. तिच्यांत तीन मोठे दोष आहेत. पहिला, मात्रा अल्प असल्यानें दुर्बळ जंतु मरतात व चिवट तेवढे उरतात. दुसरा, हा क्रम आठवडेच्या आठवडे चालतो, त्यामुळें चिवटांची निवड थांबतच नाहीं. तिसरा, अनेक जनावरें एकत्र असल्यानें एकाच्या आंतड्यांतील असे जंतु सर्वांत पसरतात.

कोलिस्टिन या औषधाचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. मूत्रपिंडास अपाय होतो म्हणून मनुष्यांच्या उपचारांत तें मागें पडलें, पण जनावरांसाठीं फार वापरलें जाऊं लागलें. पुढें इतर औषधें निष्फळ ठरूं लागलीं, तेव्हां डॉक्टरांस शेवटचा उपाय म्हणून त्याचाच आश्रय करावा लागला. अशा वेळीं, नोव्हेंबर २०१५ मध्यें, चिनी शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें कीं, डुकरांच्या, बाजारांतील मांसाच्या व रुग्णालयांतील रोग्यांच्या जंतूंत कोलिस्टिनला निष्फळ करणारें एक जनुक आढळलें आहे. त्यास एमसीआर-१ असें नांव आहे. हें जनुक एका लहानशा सुट्या वलयावर होतें, आणि असें वलय एक जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूसही देऊं शकतो. म्हणजे डुकराच्या पोटांतील जंतु स्वतः मनुष्यास रोग न करतांही आपली ढाल मनुष्याच्या जंतूच्या हातीं देऊन जातो!

मांस नीट शिजविल्यानें त्यांतील जंतु मरतात हें खरें. परंतु वाड्यांत काम करणाऱ्याचे हात, कच्चें मांस कापण्याची सुरी, शेतांत घातलेलें खत व ओढ्यास मिळणारें सांडपाणी हे मार्ग उरतातच. त्यांतही पहिला धोका त्या वाड्यांत राबणाऱ्या कुटुंबासच असतो. यास्तव सारा दोष त्याच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. साध्या सर्दीवर प्रतिजैविकांचा कांहींएक उपयोग नसतो. तरी तीं हट्टानें मागणारा, किंवा मागील आजारांत उरलेल्या गोळ्या आपल्या मनानें घेणारा सुशिक्षित गृहस्थही त्याच अपराधाचा वांटेकरी होय.

उपाय अशक्य नाहींत. डेन्मार्कमध्यें माणसांपेक्षां डुकरांची संख्या अधिक. त्या देशानें १९९८ ते २००० या काळांत वाढीसाठीं खाद्यांत प्रतिजैविकें घालणें बंद केलें. आरंभीं पिलांत हगवण वाढली व उपचारासाठीं औषध अधिक लागलें. तरी धंदा बुडाला नाहीं. युरोपीय संघानें २००६ पासून हीच बंदी सर्वत्र लागू केली. चीननें २०१७ मध्यें वाढीसाठीं खाद्यांत कोलिस्टिन घालणें बंद केलें, व त्यानंतर तेथील डुकरांत आणि माणसांत तें जनुक कमी आढळूं लागलें. भारत सरकारनेंही जुलै २०१९ मध्यें खाद्योपयोगी जनावरांसाठीं कोलिस्टिनची निर्मिति व विक्री मना केली. कायद्यास पालकाची जोड मात्र हवी: वाडा कोरडा व स्वच्छ ठेवावा, दाटी टाळावी, पिलें घाईनें आईपासून तोडूं नयेत, वेळेवर लस टोचावी, आणि हॉटेलांतील उरलेलें अन्न उकळूनच घालावें.

धान्य किंवा पैसा ज्यानें जपला त्याच्यापाशीं उरतो. प्रतिजैविकांचें तसें नाहीं. एकानें केलेली उधळपट्टी दुसऱ्या गांवच्या तापानें फणफणलेल्या मुलास भोंवूं शकते, कारण जंतु कोणाची सीमा ओळखत नाहींत. पेनिसिलिन कारखान्यांत हवें तेवढें करतां येईल. परंतु त्याचा गेलेला प्रभाव कोणत्याही कारखान्यांत करतां येत नाहीं. तेव्हां जे विद्यार्थी पुढें डॉक्टर, पशुवैद्य अथवा शेतकरी होतील त्यांनीं, आणि जे केवळ रोगी होतील त्यांनींही, हें औषध सर्वांच्या मालकीचें समजून वापरावें.