दोन निवेदिका, एक कथा : ‘ययाति’चा आस्वाद

वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत ययाति, देवयानी व शर्मिष्ठा प्रथमपुरुषी निवेदन करतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दोन स्त्रियांच्या निवेदनांचा विचार केला आहे. देवयानीच्या कथनात दुखावलेला अभिमान आहे, तर राजकन्या असून दासी झालेल्या शर्मिष्ठेच्या कथनात जपलेले प्रेम. एकीचे ऐकताना पटलेला न्याय दुसरीचे ऐकताना डळमळतो. सर्वज्ञ निवेदक नसल्याने निवाडा वाचकावरच येऊन पडतो. म्हणून निवेदिका काय सांगते याबरोबरच काय टाळते, हेही पाहावे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) हीच रीत सहा निवेदकांपर्यंत विस्तारली आहे. आपलाच पक्ष खरा मानण्याची सवय अशा वाचनाने सैल होते, हा या आस्वादाचा खरा लाभ होय.