फुटबॉलची फी कोण भरतो?

शनिवारी सकाळी नातवाबरोबर मी त्याच्या क्लबच्या मैदानावर जातो. तुमच्यापैकीही बरेच आजी-आजोबा जात असतील. बोचरा वारा, हातात कॉफीचा पेला आणि समोर धावणारी दहा-अकरा वर्षांची मुले. त्यांत डॉक्टरचा मुलगा कोणता आणि बंदरातल्या कामगाराचा कोणता, हे जर्सीवरून कळत नाही. वाचकहो, हे आपण गृहीत धरतो. पण ते आपोआप घडलेले नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना विचारून पाहा. तिथे मुलाला चांगल्या संघात घालायचे तर वर्षाला हजारो डॉलर लागू शकतात. शिवाय दूरच्या स्पर्धांचा प्रवास, हॉटेल आणि गाडीने ने-आण करायला मोकळे आई-वडील. जगभर गल्लीबोळांत वाढलेला हा खेळ तिथे सुखवस्तू उपनगरांचा झाला. त्यामागे एक हिशेबही आहे. फिफाच्या नियमानुसार खेळाडू परदेशी क्लबला विकला गेला, की किमतीचा पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. अमेरिकेत हा नियम वर्षानुवर्षे लागू केला जात नव्हता. मग गरीब पण गुणी मुलावर क्लबने खर्च का करावा? सारा भार पालकांच्या खिशावर आला.

रॉटरडॅममध्येही वर्गभेद होताच. १८८८ चा स्पार्टा हा प्रतिष्ठितांचा क्लब, मुळात क्रिकेटचा; १९०८ चा फेयनोर्ड नदीपलीकडच्या कामगारवस्तीतला. पण पुढे दारे उघडली. जॉर्जिनियो वाइनाल्डम आजीकडे वाढला, स्पार्टात खेळू लागला, २००७ मध्ये सोळाव्या वर्षी फेयनोर्डच्या मुख्य संघात उतरला आणि पुढे नेदरलँड्सचा कर्णधार झाला. क्लब सायकलच्या अंतरावर, वर्गणी आवाक्यातली आणि कारभार स्वयंसेवकांच्या हाती, हे इथले बळ. ज्यांना तीही वर्गणी जड जाते, त्यांच्या मुलांसाठी युख्तफोन्ड्स स्पोर्ट एन कुल्तूर हा निधी आहे. शिक्षकासारख्या मध्यस्थामार्फत अर्ज करता येतो. पैसे थेट क्लबला जातात.

आपल्या कोल्हापुरात हेच काम पेठापेठांतल्या तालमींनी केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे कोल्हापूरकरांना सांगायला नकोत. त्याच शहरातला, रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आता थोडे आपल्याविषयी. आपली बहुतेक कुटुंबे इथे सुस्थितीत आहेत. क्लबचा सराव पुरत नाही म्हणून खाजगी प्रशिक्षक लावणारे पालक मी पाहतो. त्यात गैर काही नाही. पण तीच मंडळी क्लबच्या कँटीनची पाळी आली की 'वेळ नाही' म्हणतात, तेव्हा मला काळजी वाटते. ज्यांच्याकडे पैसा आहे ते बाहेर सोय करून घेतात आणि सामायिक संस्था हळूहळू पोकळ होते. आपल्याकडच्या नगरपालिकांच्या शाळांचे काय झाले, ते आमच्या पिढीने पाहिले आहे.

म्हणून या दिवाळीला एवढेच सांगतो. महिन्यातून एक शनिवार क्लबला द्या. पंच व्हा, जाळी बांधा, चहा-कॉफी विका. आणि संघातला एखादा मुलगा अचानक येईनासा झाला, तर कारण फीचे नाही ना, हे हळुवारपणे विचारा. त्या निधीची माहिती त्याच्या घरी पोहोचली नसेल, तर ती तुम्ही पोहोचवा.