हद्दीपलीकडचा डोंगर

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. पुण्यात आमच्या भागात कचरा वर्गीकरणाचं एक छोटं शेड आहे. सकाळी साडेदहाच्या सुमारास तिथं गेले, तेव्हा तीन मावशी गोणपाटावर बसून सुका कचरा निवडत होत्या. पुठ्ठा एकीकडे, पांढरा कागद दुसरीकडे, दुधाच्या पिशव्या एका गोणीत, कडक प्लास्टिकच्या बाटल्या दुसऱ्या गोणीत, काच कोपऱ्यात. हात इतके सरावलेले की प्लास्टिक नुसतं चुरगाळून, त्याच्या आवाजावरून ते कुठल्या गोणीत टाकायचं हे त्यांना कळत होतं. तेवढ्यात एक पिशवी उघडली. आत साफसफाईत निघालेल्या जुन्या वह्या होत्या आणि त्यांच्यावर कुणीतरी आमटी-भात ओतला होता. वह्यांचा लगदा झाला होता. मावशींनी त्यातलं काही वाचतं का ते पाहिलं आणि अख्खी पिशवी मागच्या ढिगावर टाकली. रद्दीत किलोवर विकली गेली असती अशी वस्तू एका वाटीभर आमटीनं वाया गेली होती. "हे आता कुठं जाणार?" मी विचारलं. "आधी रॅम्पवर, मग डेपोला," मावशी म्हणाल्या आणि पुढची पिशवी ओढली. रॅम्प म्हणजे छोट्या गाड्यांतला कचरा मोठ्या गाड्यांत भरतात ती जागा.

हा 'डेपो' शब्द आपण सहज वापरतो. शहरात राहणाऱ्याला तो ठिकाण वाटत नाही, गोष्ट संपल्याची खूण वाटते. पण डेपोला पत्ता असतो. त्याच्या शेजारी घरं असतात, विहिरी असतात, शेतं असतात. आणि महाराष्ट्रात बहुतेक वेळा तो पत्ता शहराच्या हद्दीपलीकडचा असतो.

उरुळी आणि फुरसुंगी

पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला पडायचा. कोथरूड वाढलं, तिथं वस्ती आली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गाड्या पूर्वेला, हडपसरच्या पलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊ लागल्या. डेपोची जागा वाढत वाढत सुमारे १६३ एकरांवर गेली. त्या वेळी ही दोन्ही गावं ग्रामपंचायतीची होती. कचरा महापालिकेचा, निर्णय महापालिकेचा, आणि दुर्गंधी सोसणाऱ्या माणसाला मात्र महापालिकेच्या निवडणुकीत मत नव्हतं.

पुढं जे व्हायचं तेच झालं. विहिरींचं पाणी बिघडलं आणि गावाला टँकरचं पाणी द्यावं लागलं. गावकऱ्यांनी गाड्या अडवायच्या, महापालिकेनं मुदत मागायची, मुदत संपली की पुन्हा गाड्या अडवायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी सुमारे तीन आठवडे एकही गाडी आत जाऊ दिली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही दोन गावं आणखी नऊ गावांसह महापालिकेत घेतली गेली. आणि २०२४ मध्ये ती पुन्हा वगळून त्यांची स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली. हद्दीची रेषा आत गेली, बाहेर आली. डोंगर जागेवरच राहिला.

ही एकट्या पुण्याची गोष्ट नाही. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा कचरा अनेक वर्षं नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी रस्ता अडवला आणि पुढं कितीतरी महिने शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. पर्यायी जागा म्हणून मिटमिट्याला गाड्या नेल्या, तिथं दगडफेक आणि लाठीमार झाला. एका गावानं नाही म्हटलं की दुसऱ्या गावाकडे बोट दाखवायचं, याच्यापुढं शहराची योजनाच नव्हती.

डोंगर पेटतो कसा

ओला कचरा उघड्यावर, हवेत कुजला तर त्याचं खत होतं. तोच कचरा थरावर थर टाकून दाबला, हवा कोंडली, की तो वेगळ्या तऱ्हेनं सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. ढिगात उष्णता साठते, वर प्लास्टिक आणि कापड असतं, आणि एक ठिणगी पुरते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनारच्या डेपोला आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहांच्या चित्रांत दिसला. देवनारला कचरा पडतोय १९२७ पासून.

पावसाळ्यात दुसरं संकट. पाणी ढिगातून झिरपतं, वाटेत जे विरघळेल ते घेत काळंकुट्ट होऊन तळाशी उतरतं. डेपोवर काम करणारे त्याला लिचेट म्हणतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात भेगा आणि सांधे भरपूर. त्यातून हे पाणी शेजारच्या विहिरीपर्यंत पोचलं, की त्या विहिरीचा रहाट कायमचा थांबतो.

कायद्यातला खड्डा

असं होऊ नये म्हणून काय करायचं, हे कायद्यानं फार बारकाईनं सांगितलं आहे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० साली देशात पहिल्यांदा नागरी घनकचऱ्याचे नियम आले. ८ एप्रिल २०१६ रोजी त्यांची जागा नव्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली.

२०१६ च्या या नियमांच्या भाषेत कचऱ्याचा ढीग बसतच नव्हता. त्यांना हवी होती शास्त्रोक्त भरावभूमी. ती नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून, वस्तीपासून, महामार्गापासून आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर हवी होती. तळाशी किमान ९० सेंटिमीटर जाडीचा, पाणी जवळजवळ अडवून धरणारा मातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर. भूजलाची पातळी त्या तळापासून किमान दोन मीटर खाली. दिवसभराचा कचरा टाकून झाला की संध्याकाळी त्यावर किमान १० सेंटिमीटर माती किंवा राडारोडा पसरायचा. पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटर. झिरपलेलं पाणी नळ्यांनी गोळा करून शुद्ध करायचं, वायू काढून घ्यायचा. खड्डा भरून बंद केला, तरी पुढची किमान १५ वर्षं त्याची निगा राखायची.

सगळ्यात महत्त्वाची अट मात्र खड्ड्याच्या बांधणीची नव्हती. त्यात काय टाकायचं, याची होती. जे कुजत नाही, जळण म्हणून वापरता येत नाही, पुन्हा वापरता येत नाही, तेवढंच तिथं जाऊ द्यायचं. म्हणजे केरातली माती, फुटकी कपबशी, प्रक्रियेनंतर उरलेला गाळ. भाजीची देठं, वह्या, दुधाची पिशवी, यांतलं काहीही भरावभूमीत जाणं नियमाला मान्य नाही. ती आमटी सांडलेली पिशवी डेपोला निघाली, त्या क्षणी नियम मोडला होता. आणि तो मोडला होता एका स्वयंपाकघरात.

पाळायचं कुणी?

नियम केंद्राचे आहेत. भरावभूमीला आणि मोठ्या प्रक्रिया प्रकल्पांना परवानगी द्यायची, तपासणी करायची ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं. जागा शोधायला मदत करायची जिल्हाधिकाऱ्यांनी. पण रोजचं काम, घरापासून खड्ड्यापर्यंतचं, स्थानिक स्वराज्य संस्थेचं. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हा विषय शहरांच्या संस्थांकडे दिला, आणि २०१६ च्या नियमांनी त्यांना सांगितलं की वर्षभरात आपापले उपविधी करा.

उपविधी हा शब्द सरकारी फायलीतला वाटतो, पण आपल्या दारापर्यंत पोचणारा कायदा तोच. कचरा वेगवेगळा न दिल्यास दंड किती, महिन्याचं शुल्क किती, हे उपविधी ठरवतात. २०१६ च्या नियमांत रोज १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणारी हॉटेलं, मंगल कार्यालयं, मोठ्या सोसायट्या यांच्यावर वेगळी जबाबदारी होती. पाच हजार चौरस मीटरवरच्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त माणसं जमणार असतील, तर आयोजकानं कामकाजाचे तीन दिवस आधी कळवून कचरा वेगळा करायची व्यवस्था करायची होती. उघड्यावर कचरा जाळला, तर राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये ठरवलेला दंड आहे पाच हजार रुपये. मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार.

न्यायालयांनी यापुढं जाऊन एक नातं ओळखलं. शहरात इमारती वाढत जातात आणि कचऱ्याची सोय वाढत नाही, हे दिसल्यावर मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. मुंबईतली बंदी सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये काही अटींवर शिथिल केली, पण मुद्दा कायम राहिला: घर बांधायला परवानगी देताना त्या घरातला कचरा कुठं जाणार, हे विचारणं शहराचं कामच आहे.

आणि गावाचं म्हणणं? २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनं घनकचऱ्याच्या सामाईक प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी आवश्यक केली. उरुळीला गाड्या जाऊ लागल्या, त्याला तोवर दीड दशक होत आलं होतं. जनसुनावणीच्या मांडवात उभं राहून, 'ही जागा नको, आणि का नको,' हे सांगण्याचा हक्क ज्या पिढीला हवा होता, तिला तो मिळालाच नाही. पुढच्या प्रत्येक गावाला तो आहे. जनसुनावणीची सूचना वर्तमानपत्रात येते, तेव्हा ती वाचून गावातल्या चार जाणत्यांनी हजर राहणं, नकाशावर विहिरी दाखवणं, लेखी हरकत देणं, हे रस्ता अडवण्याइतकंच मोलाचं आहे.

हद्दीच्या आतलं उत्तर

कोकणातल्या वेंगुर्ल्याची वस्ती साधारण १२ हजार. छोटी नगर परिषद, हाताशी पैसा बेताचा. रामदास कोकरे तिथं मुख्याधिकारी असताना नगर परिषदेनं घराघरातून कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली. ओल्याचा बायोगॅस आणि खत, प्लास्टिक चुरून रस्त्याच्या कामाला, बाकीचं विक्रीला. ज्या जागेवर पूर्वी ढीग होता तिथं बाग उभी राहिली आणि लोक तिकडं पाहायला जाऊ लागले. गावानं ढीग दुसऱ्या गावाच्या हद्दीत ढकलला नाही, ढीग व्हायचंच थांबवलं.

पुण्यानंही एक मोठं काम केलं आहे आणि ते केलंय त्या शेडमधल्या मावशींसारख्यांनी. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ज्यांना लोक चोर समजून हाकलायचे, त्या कचरावेचकांना महापालिकेनं ९० च्या दशकातच ओळखपत्रं दिली. पुढं त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ती घरोघरी कचरा घेऊ लागली. २०१६ च्या नियमांनी देशभरातल्या स्थानिक संस्थांना कचरावेचकांना सामावून घ्यायला सांगितलं. पुण्यातल्या बायकांनी ती वाट आधीच पाडून ठेवली होती.

शेडवरच्या मावशींच्या हातांमुळं दिवसाकाठी कितीतरी किलो वस्तू डेपोच्या वाटेवरून परत फिरतात. त्यांच्या हातातून जे सुटतं, ते आपण भिजवलेलं असतं. म्हणून घनकचऱ्याच्या नियमांची खरी अंमलबजावणी दोन बादल्यांनी सुरू होते, हे मला आता घोषवाक्य वाटत नाही. ती लगदा झालेली वही मी पाहिली आहे.

पण बादल्यांवर नागरिकाचं काम संपत नाही. प्रत्येक स्थानिक संस्थेला दरवर्षी घनकचऱ्याचा अहवाल द्यावा लागतो. तो सार्वजनिक कागद आहे, माहितीच्या अधिकारात मागता येतो. डेपोच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन होतं, ते आकडेही मागता येतात. दिवाळीत फराळाला घरी येणाऱ्या नगरसेवकाला रस्ते आणि पाण्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा: आपल्या प्रभागातून रोज किती टन कचरा हद्दीबाहेर जातो, आणि गेल्या वर्षीपेक्षा तो कमी झाला का?

हा आकडा शून्याकडं सरकू लागला, तर हद्दीची रेषा कुठंही ओढली तरी चालेल. नाही सरकला, तर तीस वर्षं फुरसुंगीच्या आयाबाया ज्या वासात स्वयंपाक करत आल्या, तो उद्या आणखी कुठल्या गावच्या चुलीपाशी जाईल. आणि त्यात आपल्या घरची आमटी असेल.