शाळेच्या चुलीपाशी साबण कोणी ठेवायचा?



आपली मुले दुपारी शाळेत खिचडी, आमटी-भात खातात. तो शिजविणाऱ्या बाया बहुधा आपल्याच गावच्या. पहाटे शेण काढायचे, धार काढायची आणि मग शाळेची चूल पेटवायची, असा त्यांचा दिवस. हंगामात हात खताला, औषधाला लागलेले असतात. अन्न उकळले की बरेच जंतू मरतात हे खरे. पण वाढताना हाताची घाण लागली तर पुढे उकळी नाही. हातावरच्या पिकल्या जखमेतील काही जंतू तर अन्नात असे विष सोडतात, की ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

‘हात स्वच्छ धुवा’ अशी पाटी लावणे सोपे आहे. पण नळ अंगणापलीकडे असेल आणि साबण संपल्यावर कोणी आणायचा हेच ठरले नसेल, तर पाटी काय करणार? म्हणून नियम करताना स्वयंपाक करणाऱ्या बाईला आधी विचारावे. अडचण तिलाच ठाऊक असते.

हे काम कायद्यानेच पालकांकडे आले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सभासद पालक असतात. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनी जेवणाचा दर्जा व स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता यांवर देखरेख या समितीकडे दिली आहे.

तेव्हा समितीच्या बैठकीत स्वयंपाकी, मदतनीस, गुरुजी व आरोग्यसेविका यांना बोलवा आणि एवढे तरी ठरवा :

१) चुलीजवळ तोटीची टाकी किंवा पिंप ठेवावे. ते रोज कोणी भरायचे ते नावानिशी लिहावे.

२) साबण जाळीत बांधून तोटीशी टांगावा. त्याचा खर्च कशातून करायचा ते आधी ठरवावे.

३) कामास लागताना, शौचाहून आल्यावर, केरकचरा काढल्यावर व वाढण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. बोटांच्या बेचक्या व नखे चोळून निदान २० सेकंद धुवावेत. हात पदराला पुसू नयेत. धुतलेले फडके ठेवावे.

४) जुलाब होत असतील तर ते थांबून दोन दिवस होईपर्यंत बाईने स्वयंपाकाला हात लावू नये. बोट पिकले असेल तर अन्न हाताळण्याचे काम दुसरीकडे द्यावे.

चौथ्या नियमावर नीट बोला. त्या दिवसांचे मानधन कापले, तर तुटपुंज्या मिळकतीची बाई दुखणे लपवील आणि भोगावे लागेल मुलांना. बदली बाई कोण आणि तिला पैसे कशातून द्यायचे, हे आधीच ठरवा. समितीच्या हातात नसेल ते ठराव करून ग्रामपंचायतीकडे व गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.

ठरलेले नियम १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि दर सहा महिन्यांनी त्या बायांनाच विचारा : कोणता नियम पाळता येतो, कोणता येत नाही? जो येत नाही तो दुरुस्त करा.