औषधाचे दुकान आणि आजारपणाचे साहित्य

वृद्ध आईवडील घरी आणि मुले पुण्याला किंवा परदेशी, हे चित्र इंदूरच्या रामबागेत वा लोकमान्यनगरात आता नवे राहिलेले नाही. अशा घरातील कोणी रुग्णालयातून परतले, की औषधांच्या चिठ्ठीबरोबर चाकांची खुर्ची, हवेची गादी, प्राणवायूचे यंत्र अशी यादीही हाती पडते. मग सत्तरीचे गृहस्थ भर उन्हात दुकाने शोधत हिंडतात. हा शोध आजारपण येण्यापूर्वीच झालेला बरा.

रोजच्या गोळ्या शक्यतो घराजवळच्या एकाच दुकानातून घ्याव्यात. दुकानदार जाणता असेल, तर दोन डॉक्टरांनी एकच औषध निराळ्या नावांनी लिहिल्याचे त्याच्या ध्यानात येते. चार रुपयांच्या सवलतीपायी हे नाते तोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च खरोखरच जड होत असेल, तर २००८ साली सुरू झालेल्या योजनेतील जनऔषधी केंद्र गाठावे. मात्र तेथे औषधे मूळ नावाने मिळतात, म्हणून डॉक्टरांकडून ते नाव लिहून घ्यावे. इन्सुलिन घेताना दुकानातील शीतकपाट रात्रीही चालू असते काय, हे विचारण्यात संकोच कसला? पावतीवर बॅच क्रमांक हवाच.

साहित्याची गोष्ट वेगळी. महाराजा यशवंतराव रुग्णालयाजवळ, रवींद्रनाथ टागोर मार्गावर, दवाबाजार आहे. तेथे जाण्यापूर्वी घरातील दारे मोजावीत. चाकांची साधी खुर्ची चोवीस ते सव्वीस इंच रुंद असते आणि जुन्या घरांतील न्हाणीघराचे दार पुष्कळदा तेवढेही नसते. खुर्ची दिवाणखान्यात शोभेला राहते आणि आजीला उचलूनच न्यावे लागते!

थोड्या आठवड्यांसाठी लागणारी वस्तू भाड्याने घ्यावी. प्राणवायूच्या यंत्राची क्षमता मिनिटाला किती लिटर, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. जुने यंत्र पूर्ण प्रवाहावर ठेवले असता प्राणवायूची शुद्धता घसरते. म्हणून त्याच प्रवाहावर मापकाने तपासून दाखविण्यास सांगावे. नव्वद टक्क्यांखाली आकडा आला, तर यंत्र घेऊ नये. यंत्र विजेवर चालते, तेव्हा भरलेला सिलिंडर जोडीला हवा. रात्री यंत्र बंद पडल्यास कोण येणार, त्याचा दूरध्वनी क्रमांक आणि अनामत परत मिळण्याची अट, दोन्ही पावतीवरच लिहून घ्यावीत.