आकाशकंदिलाची रंगीत तालीम

मी पडलो मराठीचा मास्तर! वीज म्हटली की मला फ्यूज आठवतो, आणि तोही उडालेला. त्यामुळे गेल्या दिवाळीत आमच्या कन्येने आकाशकंदिलात धावते दिवे बसवायला घेतले आणि तिची ‘अर्डुइनो’ची पाटी निकामी झाली, तेव्हा मी कारण विचारले नाही, किंमत विचारली. पुढे कित्येक महिने तिने आपले उद्योग मला दाखवले नाहीत.

ही पाटी २००५ साली इटलीतील इव्ह्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी जन्मली. तिच्या ‘उनो’ नावाच्या प्रकारावर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमध्ये मावणारा इवलासा संगणक असतो. आज्ञा साठवायला जागा अवघी ३२ किलोबाइट. पण घड्याळाचे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लाख!

यंदा नवरात्रातच कन्येने मला संगणकापुढे बसवले. ‘टिंकरकॅड’ या विनामूल्य सोयीत पडद्यावर तीच पाटी, तेच दिवे, त्याच तारा. सगळे लटके, पण वागणूक पुष्कळशी खऱ्यासारखी.

“बाबा, गेल्या वर्षीची चूक आता मुद्दाम करते हं,” असे म्हणून तिने तांबडा दिवा थेट जोडला. लगेच पडद्यावर इशारा उमटला : प्रवाह फार झाला! मग तिने मध्ये २२० ओहमचा रोधक घातला. ५ व्होल्टपैकी सुमारे २ दिव्याने घेतले, उरलेले ३ रोधकावर पडले, आणि प्रवाह १४ मिलिअँपिअरच्या आसपास आला. अशा दिव्याला २० पर्यंत चालतात. एक पैसा न जळता धडा मिळाला.

नाटकमंडळी रंगीत तालीम घेतात ती याचसाठी. चुकायचे ते तालमीत चुकून घ्यावे.

पण तालीम म्हणजे प्रयोग नव्हे, बरे का! खरा कंदील जोडला आणि बटण एकदा दाबताच दिव्यांची चाल दोनदा बदलू लागली. खऱ्या बटणातील धातूच्या पट्ट्या टेकताना क्षणभर थरथरतात. चिप इतकी चपळ की ती प्रत्येक थरथर वेगळी मोजते. पडद्यावरच्या बटणाला ही खोड नव्हती.

कन्येचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे चोरून पाहिले. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि म्हणालो, “असे का होते, सांग पाहू.”

तिने सांगितले. मग पहिल्या स्पर्शानंतर ५० मिलिसेकंद थांबून बटण पुन्हा तपासण्याची आज्ञा तिने लिहिली. दिवे शहाण्यासारखे धावू लागले.

कंदील गॅलरीत लागला आहे. पुढच्या वर्षी काय करायचे, ते ती मला आतापासूनच सांगते आहे.